टेकडीकडचा वाडगा

माझा नवरा टेकडीच्या आत असतो. दुपारी वारा पडला की गवताला कान लावायचा. आधी त्याच्या मशीनची किरकिर ऐकू येते आणि मग तो कुणाला तरी सांगतो, ‘आ करा, अजून मोठा.’ तो दातांचा डॉक्टर आहे. टेकडीतल्या लोकांचे दात म्हातारपणी पडतात आणि पुन्हा दुधाचे येतात. ती मंडळी मधाशिवाय काही खात नसल्यामुळे तेही किडतात. तेव्हा सुधन्वाला तिथे काम भरपूर आहे आणि ते संपण्यातलं नाही.

आम्ही मूळचे कऱ्हाडचे. स्कॉटलंडमधल्या या गावात राहून आमचे केस पांढरे झाले. गाव म्हणजे एक चर्च, एक लोकरीचं दुकान, सुधन्वाचा दवाखाना आणि ही टेकडी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती अख्खी दिसते. इथल्या जुन्या गाण्यांत टेकडीवाल्यांनी नेलेली माणसं पुष्कळ आहेत. कुणी फिडल वाजवणारा, कुणी लोहार, कुणी नुकती बाळंत झालेली बाई. दातांचा डॉक्टर मात्र एकाही गाण्यात नाही, त्यामुळे आम्ही गाफील राहिलो.

तो गेला ते माझ्या डोळ्यांदेखत. आम्ही जेवून उठत होतो, तेवढ्यात हिरव्या रेनकोटातली एक बाई कुंपणाशी आली. तिचा गाल सुजला होता. आमच्या राणीची दाढ दुखते, म्हणाली. राणीची दाढ दुखली की त्यांच्यात सगळ्यांचेच गाल सुजतात. ती मराठी बोलत नव्हती, पण आम्हा दोघांनाही ते मराठीतच ऐकू आलं. सुधन्वाने बॅग उचलली. ‘अर्ध्या तासात आलो,’ म्हणाला. उतारावरचं गवत पांघरुणासारखं वर उचललं गेलं, त्याने पायपुसण्यावर बूट पुसले, आत गेला आणि गवत खाली आलं. मी त्याचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं.

चहाच्या वेळी ती बाई परत आली. गाल उतरला होता. हातात लाकडी वाडगा, त्यात ओटची खीर आणि वर जाड साय.

‘डॉक्टर आता आमच्याकडेच राहतील,’ ती म्हणाली. ‘तुमची गैरसोय, म्हणून हे.’

‘किती दिवस?’

‘आमच्याकडे दिवस नसतात.’

मी वाडगा घेतला. शेजारून भांडं आलं की नाही म्हणायचं नसतं आणि ते रिकामं परत करायचं नसतं. हे मला कुणी शिकवल्याचंही आठवत नाही. कऱ्हाडला आमच्या आळीत एखादीने चटणीची वाटी रिकामी परत पाठवली असती, तर ती आजारी आहे असंच सगळ्यांना वाटलं असतं. बाई पायरीवर बसली. मी खीर पातेल्यात काढली, वाडगा धुतला, पुसला आणि डब्यात उरलेले रव्याचे लाडू त्यात घालून तिच्या हातात दिला. खिरीला वेलची हवी होती, बाकी छान होती.

तिने वाडग्यात पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

‘हे काय?’

‘रिकामा कसा द्यायचा?’

तिने एक लाडू उचलून हुंगला आणि परत ठेवला. मग उठली. ‘आमच्यातही तसंच आहे,’ एवढं म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मॉरॅगकडे गेले. लोकरीचं दुकान तिचं. गावातली ही सगळ्यात म्हातारी बाई, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते हिला आधी कळतं.

‘घेतलास वाडगा?’ तिने विचारलं.

‘घेतला.’

‘आणि परत?’

‘लाडू घालून दिला.’

मॉरॅगने विणायच्या सुया मांडीवर ठेवल्या. ‘आम्ही पोट भरलंय म्हणतो आणि दार लावून घेतो. गावात शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. आता तू घातलंस, म्हणजे ते घालणार. आणि ते नेहमी थोडं जास्त घालतात.’

‘थोडं जास्त तर आम्हीही घालतो.’

‘मग झालं तुझं कल्याण.’

‘आणि मी आता रिकामा दिला तर?’

‘माझ्या आजीने दिला होता एकदा, कंटाळून. सकाळपर्यंत त्यांनी दिलेलं सगळं परत गेलं. लोणी गेलं, मेंढ्या गेल्या, वरच्या मजल्याचा जिना गेला आणि आजोबा गेले. आजोबा वाडग्यातून आले होते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.’

‘मी सरळ जाऊन सुधन्वाला मागितलं तर?’

‘मागून ते देत नाहीत. ते फक्त परतफेड करतात. तो यायचा असेल तर वाडग्यातूनच येईल.’

मी एक लोकरीचा गुंडा घेतला आणि घरी आले. रस्ताभर मला हसू येत होतं. गाण्यांतल्यासारखं दागिने देऊन नवऱ्याला सोडवायला सांगितलं असतं तर माझी पंचाईत झाली असती, पण शेजारपाजारच्या देवाणघेवाणीत मला कोण हरवणार होतं? मी वाढवत जायचं, त्यांनी त्याहून वाढवत जायचं आणि एक दिवस त्यांच्याकडे घालायला सुधन्वाच उरेल. इतकं सोपं होतं ते.

लाडवांच्या बदल्यात मध आला. तो बरणीत गुणगुणायचा. मी लिंबाचं मुरलेलं लोणचं पाठवलं, तर त्यांनी एक जादा दुपार पाठवली. ती मी मंगळवार आणि बुधवारच्या मध्ये लावली. त्या दुपारी कुणाचाही फोन येत नाही आणि ऊन गुडघ्यापर्यंत येतं. मी माझी नारायणपेठ पाठवली. तिच्या बदल्यात एक लांब पडवी आली. त्या वाडग्यात काय मावेल आणि काय मावणार नाही हा प्रश्न कधी कुणी काढला नाही. पडवी स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधोमध बसली. तेव्हापासून आंघोळीला निघताना मी बरोबर थर्मास घेते. वाटेत बसायला एक बाक आहे, तिथे चहा पिते आणि पुढे जाते. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. इतकी वर्षं या घरात अंग चोरून वावरले होते.

कुकरची शिट्टीही दिली. कुकर नव्हे, फक्त शिट्टी. दुसऱ्या दिवसापासून टेकडी सकाळी शिट्ट्या देऊ लागली आणि गावातल्या मेंढ्या त्या ऐकून उठायला लागल्या.

एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. त्यांनी दिलेलं त्यांनाच परत घालता येत नव्हतं. शेजारणीची खीर शेजारणीला कोण वाढतं? त्यामुळे जायचं ते आमचंच, आणि यायचं ते त्यांचं. पितळी डबे गेले, पोळपाट गेला, भिंतीवरचा लग्नातला फोटो गेला. देवघरातला बाळकृष्ण द्यायला मन धजत नव्हतं, पण तोही गेला. तिकडे लोणी चांगलं असतं, असं मी त्याला समजावलं. घरातल्या वस्तू संपत आल्यावर मी कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकले ती सकाळ दिली. बदल्यात परसात एक तळं आलं, एका हंसासकट. मला आता पोहता येत नाही, पण काठावर बसून बघायला तळं छान आहे.

बाई दर वेळी पायरीवर बसून वाट पाहायची. वाडगा रिकामा करून, धुऊन, भरून हातात दिला की उठायची. आमची आता ओळख झाली होती.

‘सुधन्वा कसा आहे?’ मी विचारायचे.

‘मजेत. राणीला आता हसता येतं.’

‘त्याला परत पाठवा की.’

‘तुम्ही तेवढं घातलं नाहीत अजून.’

ती खोटं बोलत नव्हती. त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि तरी त्यांची संगत मला जड वाटत नव्हती, हे विशेष. माझ्या नात्यातल्या खरं बोलणाऱ्या बायकांबरोबर चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

एका निवांत दुपारी, म्हणजे त्या जादा दुपारीच, मी टेकडीवर गेले आणि गवतात तोंड घालून हाक मारली.

‘सुधन्वा.’

मशीन थांबलं. ‘बोल वैजू.’

‘जेवलास?’

‘मध खाल्ला.’

‘बरा आहेस ना?’

‘बरा आहे गं. माणसं गुणी आहेत. आ म्हटलं की आ करतात. लाडू पोचले होते, पण मला वासावरच भागवावं लागलं. राणीने खाल्ले.’

‘मला करमत नाही रे तुझ्याशिवाय.’

आत कुणीतरी चूळ भरली. ‘मलाही नाही करमत,’ तो म्हणाला. ‘पण तू ओल्या गवतात झोपली आहेस. कानाला काही बांधलंस का?’

‘मी काय कुकुलं बाळ आहे?’

‘म्हणूनच म्हणत होतो कऱ्हाडला जाऊ. तिथे निदान ऊन तरी आहे.’

‘ऊन काय पोळीला लावून खायचंय?’

‘तुला माझं कधी पटलंय?’

‘पटण्यासारखं कधी बोललायस?’

एकदा सुरू झालं की आमचं लवकर आटपत नाही. गवताच्या अल्याड मी, पल्याड तो, अंधारून येईपर्यंत आम्ही भांडलो. मी घरी आले तेव्हा माझे गाल गरम झाले होते. तो गेल्यापासून पहिल्यांदा मी भात परत घेतला.

जेवतानाच मला सुचलं. सुधन्वा हवा असेल तर सुधन्वापेक्षा किंचितच कमी असं काहीतरी घालायला हवं होतं. घरात असं एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे आमचं भांडण.

ते लग्नाइतकंच जुनं होतं. त्याला कऱ्हाडला परत जायचं होतं, घाटाजवळच्या त्याच्या वडिलांच्या घरात. मला इथेच राहायचं होतं, याच धुक्यात आणि गारठ्यात. भांडी पुसता पुसता ते निघायचं. त्यात त्याची आई यायची, माझा भाऊ यायचा, एकदा विमानतळावर हरवलेली छत्री यायची. शेवटी तो बॅग उचलून म्हणायचा, मी एकटा जातो. मग मी दारात आडवी व्हायचे आणि त्याला काय काय सुनावायचे. तो बॅग खाली ठेवायचा. त्यानंतरचा चहा फार चांगला व्हायचा. या भांडणामुळे आमच्यातला एकही कधी कुठे गेला नाही.

मी ते घरभर फिरून गोळा केलं. माझा अर्धा भाग ओट्याशी होता, त्याचा अर्धा त्याच्या खुर्चीमागे वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात. फडक्याने पुसलं आणि वाडग्यात घातलं. वाडगा गच्च भरला.

बाईला तो दोन्ही हातांनी उचलावा लागला. पहिल्यांदाच तिने उंबऱ्याला टेकून श्वास घेतला.

‘हे एवढं कशाला?’ तिने विचारलं.

‘असू दे. घरचंच आहे.’

पुढचे काही दिवस टेकडीत फार गडबड होती. भांडण त्यांच्याकडे कधी नव्हतंच, त्यामुळे ते कुणी घ्यायचं यावरूनच सुरुवात झाली असावी. माती थरथरायची. मेंढ्या दुसऱ्या डोंगरावर गेल्या. मॉरॅग एकदा कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि कान देऊन ऐकत होती.

‘हे कुठल्या भाषेत चाललंय?’

‘मराठीत.’

‘तुझा आवाज वाटतो.’

‘माझाच असणार.’

‘काय पाठवलंस तू?’ असं तिने विचारलं, पण मला ते नीट सांगता येईना. काहीतरी जुनं होतं, वापरातलं, एवढंच आठवत होतं. घर मात्र हलकं झालं होतं. पडवीतून चालताना पाय आपोआप पडायचे आणि मी दिवसभर स्वतःशीच हो म्हणत असायचे.

मग बाई आली. रेनकोटाचं एक बटण तुटलं होतं आणि केस विस्कटले होते. तिने वाडगा माझ्या हातात दिला. त्यात सुधन्वा बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन, बॅग मांडीवर. पाय सायीत बुडाले होते. त्याचे केस पुन्हा काळे झाले होते.

‘अर्धा तास म्हणालो होतो,’ तो म्हणाला. ‘थोडा उशीर झाला.’

मला फार आनंद झाला. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं, त्याचे पाय पुसले, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. केस सोडले तर तो होता तसाच होता, अंगाला मधाचा वास येत होता तेवढाच. चहा टाकला. त्याने तळं पाहिलं, पडवी पाहिली, सगळं छान आहे म्हणाला. मी म्हटलं, तुझे केस छान दिसतात. तो म्हणाला, तुझेही.

‘आता कऱ्हाडला जायचं का?’ त्याने विचारलं.

‘जाऊ.’

‘की इथेच राहायचं?’

‘राहू.’

‘तुला जे आवडेल ते.’

‘मला तुझं पटतं.’

आम्ही बशीत ओतून चहा प्यालो. असा शांत चहा आम्ही यापूर्वी कधी घेतला होता हे दोघांनाही आठवेना.

बाई पायरीवर बसली होती. मी वाडगा धुतला, पुसला आणि काय घालावं म्हणून फळीकडे हात नेला. फळीवर त्यांचा मध होता. डबे त्यांचे होते. पातेल्यात त्यांचं लोणी होतं. मी कपाट उघडलं. आत त्यांनी पाठवलेलं एक लहानसं धुकं घडी करून ठेवलं होतं. पडवीच्या टोकापर्यंत जाऊन आले. सुधन्वाही उठला आणि त्याने खुर्चीखाली, गादीखाली, घड्याळामागे पाहिलं. घरात आमचं म्हणावं असं काहीच नव्हतं. आम्ही दोघं होतो.

‘रिकामा देऊ या का?’ मी विचारलं.

‘देऊ या,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘पण मग ते दिलेलं सगळं परत नेतील ना?’

‘हो. तुलाही.’

‘आणि रिकामा देणं बरं दिसत नाही.’

‘नाही दिसत.’

बाईने पायरीवरून मान वळवली. ‘उशीर होतोय,’ ती म्हणाली. तिचा आवाज आता थोडा माझ्या वळणावर गेला होता.

‘मग मीच जातो,’ सुधन्वा म्हणाला. ‘एका दाढेचं काम अर्धं राहिलंय तिथे.’

इथे मी काहीतरी म्हणायचं असतं हे मला कळत होतं. दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या खड्ड्यात जाते तसं माझं मन तिथे जात होतं, आणि तिथे काही नव्हतं. मला तो हवा होता. उभ्या जन्मात इतका कधी हवा नव्हता. मी तोंड उघडलं.

‘बरं,’ मी म्हणाले.

तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तोही काहीतरी शोधतोय असं मला वाटलं. ‘चालेल ना तुला?’

‘चालेल.’

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. टेकडीत मी कुणावर तरी ओरडत होते. घसा फुटेपर्यंत, दारात आडवी होऊन, कुणालातरी ठणकावून सांगत होते की इथून हलायचं नाही, मी जिवंत असेपर्यंत तर नाहीच नाही. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘किती चांगलं बोलतेय ती,’ सुधन्वा म्हणाला.

त्याने खाली बसून मोजे काढले, वाडगा खराब होऊ नये म्हणून. पँट घोट्यावर दुमडली. बॅग काखेत घेतली आणि उजवा पाय उचलून वाडग्यात ठेवला. लाकूड अजून ओलं होतं. तो घसरू नये म्हणून मी त्याचं कोपर धरलं. बाई उठून उभी राहिली. तो दुसरा पाय उचलायच्या बेतात आहे, आणि मी कोपर धरलेलं आहे.